नळाला की नदीला

सांगलीत 'पाणी आलं' या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. उन्हाळ्यात कुणी गल्लीत तसं ओरडलं, तर बायका घागरी घेऊन नळाकडे धावतात. पावसाळ्यात ओरडलं, तर त्याच बायका गॅसचा सिलिंडर आणि पोरांची दप्तरं घेऊन माडीवर धावतात. मी ज्या दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर काम करते, तिथे एका पावसाळ्यात नदीकाठच्या वार्ताहराचा फोन आला. "आमच्या गल्लीत पाणी आलं." फोन घेणाऱ्या उपसंपादकाने पहिल्या पानासाठी मथळा केला, 'नदीचे पाणी वस्तीत शिरले', आणि गेल्या पुराचं छायाचित्रही काढून ठेवलं. पान सोडण्याआधी मी वार्ताहराला परत फोन लावला आणि विचारलं, "नळाला की नदीला?"

"नळाला की, मॅडम! पाइप फुटला होता, आत्ता पाणी आलं. लावा बातमी, लोकांना बरं वाटंल."

मथळा उतरला, प्रश्न मात्र डेस्कवर कायम राहिला. कुणी हातवारे करत काही सांगायला आला की दुसरा कुणीतरी मान वर न करता विचारतो, "नळाला की नदीला?"

हा प्रश्न स्वतःच्या शरीराला विचारायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. पन्नाशीच्या आसपास माझ्या मूत्राशयाने स्वतंत्र वार्तांकन सुरू केलं. मराठीत भूक लागते, तहान लागते, झोप लागते, आगही लागते. माझी लघवी भूक-तहानेच्या रांगेतून उठली आणि आगीच्या रांगेत जाऊन बसली. आधी सूचना नाही, इशारा नाही, एकदम धोका पातळी. दाराच्या कुलपात किल्ली घातली की लागायची. शेजारी कुणी भांडी विसळली की लागायची. रसवंतीवरून जाताना बर्फावर रस ओतल्याचा आवाज आला, तर मी तोंडाने "एक हाफ" म्हणत असायची आणि पाय दुसरीकडे निघालेले असायचे.

घरी याची सगळ्यात शास्त्रशुद्ध दखल नवऱ्याने घेतली. ते मूळचे कवठे महांकाळ या दुष्काळी तालुक्यातले. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या गावाकडे पाणी या विषयावर कुणी हसत नाही, त्यामुळे ते माझ्यावर कधी हसले नाहीत. त्यांनी फक्त बंदोबस्त केला. प्रवासाला निघताना ते गाडीच्या काचेवर बोट टेकवून सांगत, "पयला हाल्ट आष्टा. दुसरा कराडच्या अलीकडं, पेट्रोल पंप, पाणी हाय, कडी हाय. तिसऱ्या ठिकाणी कडी न्हाई, तितं मी दाराला उभा ऱ्हानार." निवृत्तीनंतर इतकं मन लावून त्यांनी दुसरं काही केलेलं मला आठवत नाही.

याच बंदोबस्तात आम्ही लोणंदला बैठकीला गेलो. मुलगी आणि होणारा जावई पुण्यात एकाच ठिकाणी नोकरीला. त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. आम्हाला फक्त ते ठरवल्यासारखं करायचं होतं. मध्यस्थ म्हणून नवऱ्याचे मामा बरोबर होते. मामांनी आयुष्यात पुष्कळ लग्नं जुळवली, आणि बैठकीत कोण काय बोलतं यापेक्षा कोण कधी उठतं याच्यावर नजर ठेवावी, असं त्यांचं मत होतं.

मुलाचे वडील लोणंदच्या बाजारात कांद्याचे अडते. माणूस ऐसपैस, आवाज लिलावाचा. आम्ही बसतो न बसतो तोच गूळ आणि पाणी आलं. पाणी नको म्हणणं म्हणजे सोयरीक नको म्हणणं, म्हणून प्यायले. मग चहा आला. मग "उन्हाचं आलाय" म्हणून कोकम सरबत आलं. मग परत पाणी.

मुलाकडच्या एका काकांनी सुरुवात केली. "लग्न आमच्या दारात व्हायला पायजे. थोरल्याचं हितंच झालं, ह्याचं बी लोणंदला."

त्याच क्षणी माझ्या ओटीपोटातल्या वार्ताहराचा फोन आला. मी उठले. "जाऊन येते," म्हणाले आणि आतल्या अंगाला गेले.

परत आले तेव्हा खोलीतली हवा बदललेली होती. काका घसा साफ करून म्हणाले, "तसं काय न्हाई, वैनी. मधलं गाव बी चालंल. सातारा धरा." मी मान हलवली. मला वाटलं, समजूतदार माणसं आहेत.

मग मानपानाचा विषय निघाला. फेटे कुणाला, साड्या कुणाला, याची नावं कुणीतरी मोजायला लागलं. एवढ्यात मुलाचे वडीलच उठले. "आलोच," म्हणाले आणि घाईने मागच्या दाराने बाहेर पडले. मामा नवऱ्याच्या कानाला लागले. कुजबूज मला स्पष्ट ऐकू आली. "व्याह्यांचं बिनसलं. आपन फेट्याचं काडूच नगा." नवऱ्याने फेट्याचं काढलं नाही. वडील परतले, फेट्यांचा विषय संपलाय हे बघून त्यांना आनंद झाला. मग साड्यांवर बोलणं आलं आणि मी उठले. मी परतेपर्यंत साड्या रद्द झाल्या होत्या. बँड आणि घोड्याचा विषय निघाला तेव्हा व्याही उठले, घोडा गेला. रुखवताला मी उठले. रुखवत आटोपशीर झालं.

बैठकीत माणूस उठून बाहेर गेला, तर आमच्याकडे त्याचा अर्थ एकच असतो: याला पटलेलं नाही, हा आपल्या माणसांशी बाजूला बोलायला गेला. त्या दिवशी दोन्हीकडची प्रमुख माणसं आलटून पालटून उठत होती, आणि दोन्हीकडची बाकीची माणसं घाबरून एकेक अट सोडत होती. इतकी सुरळीत बैठक लोणंदमध्ये त्याआधी झाली नसावी.

शेवटी मुलाची आत्या बोलली. "सगळं सोडलं. आमचं एकच ऱ्हायलं. विधी यथासांग व्हायला पायजेत. गुरुजी आमचे वाईचे. कन्यादानाला आईनं धार धरायची, आन धार तुटता कामा न्हाई."

नेमकी मी नुकतीच जाऊन आले होते. त्यामुळे उठले नाही. माझं न उठणं म्हणजे होकार धरला गेला आणि मामांनी लगेच सुपारी फोडायला सांगितली.

परतीच्या वाटेवर मामा मागच्या सीटवरून म्हणाले, "बाई, तुमी लय पोचलेल्या. एक अवाक्षर न्हाई. नुसतं उठायचं! मी एवडी लग्नं जमावली, पर ह्यो डाव न्हाई बगितला."

"डाव नव्हता, मामा. मला लागली होती."

मामांनी पुढच्या सीटवर हनुवटी टेकवली. मग म्हणाले, "आन व्याह्याला?"

सुभेदारांनी गाडी बाजूला घेतली. हसू आवरेना म्हणून घेतली असं ते म्हणाले. पण पेट्रोल पंपही तिथेच होता.

धार म्हणजे काय हे इथे सांगायला हवं. कन्यादानात वधूचा बाप दोन्ही हातांची ओंजळ पुढे करतो. त्याखाली नवऱ्या मुलाची ओंजळ, त्याखाली मुलीची, आणि सगळ्यात खाली काशाचं भांडं. वधूची आई शेजारी उभी राहून झारीतून पाण्याची बारीक धार बापाच्या ओंजळीत सोडते. ती हातांमधून झिरपत खाली जाते. गुरुजींचा मंत्र संपेपर्यंत ती अखंड राहायला हवी. थोडक्यात, ज्या बाईला शेजारच्या घरातली बादली भरताना ऐकवत नाही, तिने भरल्या मांडवात, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, स्वतःच्या हाताने पाण्याची बारीक धार धरून निमूट उभं राहायचं होतं.

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा पहिला आक्षेप वेगळाच होता. "दान? मी काय समई आहे का, आई?" त्यावर आमचं पुष्कळ बोलणं झालं. अखेर ती म्हणाली, "ठीक आहे. दान वगैरे गुरुजी म्हणू देत, मी माझ्या मनाने जाईन. पण धार तू धरायचीस. काकू धरणार असेल तर मी पाटावर बसणार नाही."

काकूचं नाव उगाच निघालं नव्हतं. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मायेनेच सुचवलं होतं, "तुला तेवढा वेळ उभं राहवंल का? न्हाईतर मी हाय." त्यांच्या म्हणण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण मुलगी एकुलती, आणि धार मला धरायची होती. एवढंच.

म्हणून मी डॉक्टरकडे गेले. आधीच जायला हवं होतं, पण बायका याला आजार समजत नाहीत, वय समजतात. डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी असेल. लघवीची, साखरेची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. कागद बघून ती म्हणाली, "जंतुसंसर्ग नाही, साखर नाही. लघवीची पिशवीही चांगली आहे."

"मग घोटाळा कुठे आहे?"

"घोटाळा म्हणू नका. पण जरा वर बघू या." तिने पेन स्वतःच्या डोक्याकडे रोखलं.

मग तिने कागदावर खाली एक पिशवी काढली, वर एक मेंदू, आणि मध्ये पाठीच्या कण्याची रेघ. पिशवी भरत जाते तसा निरोप वर जातो. मेंदूत एक भाग शरीराच्या आतलं जाणवून घेतो. दुसरा भाग त्या जाणिवेला निकड देतो, म्हणजे गजर करतो. कपाळामागचा तिसरा भाग ठरवतो, आत्ता की नंतर, इथे की तिथे. हे भाग आपसात सतत बोलत असतात. ज्यांना अशी घाईची लघवी होते, त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग पिशवी भरत असताना केलं तर या भागांमधलं बोलणं इतरांपेक्षा वेगळं दिसतं, असं संशोधक सांगतात. कुठे जोडणी जास्त घट्ट, कुठे सैल.

मी विचारलं, "यातलं ठामपणे किती छापता येईल?"

ती हसली. "'दिसून येते' इथपर्यंत. 'यामुळेच होते' असं नको. आधी जोडणी बिघडते आणि मग घाई होते, की रोजच्या घाईने जोडणी तशी वळते, हे अजून नक्की सांगता येत नाही. सगळ्यांमध्ये सारखंच दिसतं असंही नाही."

असं बोलणारा स्रोत डेस्कला क्वचित मिळतो. मी कागदाकडे बघत राहिले, आणि मला ते चित्र ओळखीचं वाटायला लागलं. खाली तालुक्याचा वार्ताहर. मध्ये फोनची तार. वर फोन घेणारा उपसंपादक, जो 'पाणी आलं' ऐकून पुराचं छायाचित्र शोधायला लागतो. आणि त्याच्या पलीकडे टेबलावर बसलेली मी, जिने परत फोन लावून विचारायचं असतं. वार्ताहर खोटं बोलत नव्हता. पाणी आलेलंच होतं. फक्त उपसंपादक आणि माझ्यामधली तार सैल होती आणि बातमी परस्पर छापखान्यात जात होती.

हे मी डॉक्टरला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं आहे की. मग संपादकांनी कामावर यायचं." तिने गोळी दिली, गोळीने तोंडाला कोरड पडेल हेही सांगितलं. चहा कमी करायला सांगितला, पाणी तोडायला मात्र नाही. आणि सराव दिला. लागली की धावायचं नाही. धावलं की गजर खरा होता असं मेंदू समजतो. जागच्या जागी थांबायचं, खालचे स्नायू चटचट आवळून सोडायचे, श्वास संथ ठेवायचा, मन दुसऱ्या कामात घालायचं. घाई लाटेसारखी असते, चढते आणि उतरते. ती उतरली की मग चालत जायचं. "लगेच जमणार नाही," ती म्हणाली, "पण जमतं."

घरी सुभेदारांनी या सरावाचं कवायतीत रूपांतर केलं. संध्याकाळी ते अंगणात ओंजळ पुढे करून उभे राहत. मी झारी धरायची. खाली काशाच्या भांड्याऐवजी तुळशीची कुंडी. "धार सोड!" असा हुकूम व्हायचा. सुरुवातीला धार सुटायची आणि मीही सुटायची, थेट न्हाणीघराकडे. ते ओंजळ तशीच धरून अंगणात उभे. शेजारची वहिनी कंपाउंडवरून विचारायची, "भाऊ, काय मागताय?" ते म्हणायचे, "मुदत मागतोय."

पुढे मी थांबायला शिकले. फोन आला की हातातली झारी न हलवता मनात विचारायची, कुठे आलंय, किती आलंय, नळाला की नदीला? बहुतेक वेळा उत्तर यायचं, नळाला. मग मी बातमी आतल्या पानावर, एका कॉलमात लावायची. कधी कधी उत्तरच यायचं नाही आणि मी धावायची. एकदा आम्ही दोघंही हसत सुटलो आणि हसण्याने जे व्हायचं ते झालं. त्या दिवशीच्या कवायतीचा वृत्तांत देत नाही. तुळस मात्र त्या दिवसांत इतकं पाणी प्याली की तिला बुरशी धरली.

लग्न साताऱ्याला, किल्ल्याच्या पायथ्याच्या एका कार्यालयात होतं. अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, अर्धे पाहुणे जेवायला धावले. आम्ही विधीच्या चौकात बसलो. वाईचे गुरुजी गोरे, किडकिडीत, स्पष्ट उच्चारांचे. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "मी गाळत नाही. घाई असेल त्यांनी जेवून यावं." घाई हा शब्द ऐकून मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

चौकाच्या मागेच पाण्याचा कूलर होता, आणि त्याचा नळ गळत होता. आचाऱ्याची माणसं तिथे पाण्याचे जग भरून नेत होती. एक मावशी नातवाच्या दुधाच्या बाटल्या विसळत होत्या. मी जिथे बघावं तिथे काही ना काही ओतलं जात होतं.

गुरुजी म्हणाले, "बाई, धार सोडा."

मी धार सोडली. बारीक, सरळ, अंगणात शिकल्यासारखी. ती सुभेदारांच्या ओंजळीत पडली, तिथून जावयाच्या, तिथून मुलीच्या, आणि शेवटी काशाच्या भांड्यात टिणटिण वाजू लागली. तो आवाज तुळशीच्या कुंडीत कधी आला नव्हता. मूत्राशयाने लगेच फोन लावला.

मी उभी राहिले. स्नायू आवळले, सोडले. श्वास घेतला. नळाला की नदीला? नळाला. ठीक आहे, आतलं पान. गुरुजींचा मंत्र पुढे चालला होता. गोत्र आलं, पणजोबा आले, आजोबा आले. आता मुलाच्या वडिलांचं नाव घ्यायचं, म्हणून गुरुजींनी समोर बघितलं.

समोर व्याही धारेकडे टक लावून बघत होते. त्यांचा चेहरा मी ओळखला. तो मी रोज आरशात बघते. ते पाटावर एकदा डावीकडे झुकले, एकदा उजवीकडे झुकले आणि उठले.

"आलोच," म्हणाले.

"अहो, कुठे निघालात?" गुरुजींचा मंत्र तुटला. "वरपित्याचा उच्चार व्हायचाय. तुम्ही आल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

"आलोच, आलोच!" फेट्याचा शेमला उडवत ते मांडवातून दिसेनासे झाले.

गुरुजींनी पोथीवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले. "बाई, मंत्र थांबला तरी धार थांबवायची नाही."

झारीतलं पाणी निम्म्यावर आलं होतं. मी धार आणखी बारीक केली. ती जितकी बारीक झाली तितका भांड्यातला आवाज गोड व्हायला लागला. दुसरा फोन आला. हा पहिल्यापेक्षा मोठा होता. कूलरचा नळ, जग, बाटल्या, धार, सगळीकडून वार्ताहर एकाच वेळी ओरडत होते. झारी हलकी झाली. आता ती रिकामी होणार आणि धार तुटणार, हे सगळ्यांना दिसत होतं. पाटावरची आत्या पुढे सरकून बघत होती.

तेवढ्यात माझ्या कोपरापाशी जाऊबाई आल्या. हातात भरलेला तांब्या. "हलू नगंस," म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या झारीत तांब्या ओतायला सुरुवात केली. धार मीच धरलेली होती. त्यांनी फक्त पाणी पुरवलं. पण आता माझ्या हातातून एक धार खाली पडत होती आणि माझ्या हातात दुसरी वरून पडत होती.

माझा संयम तिथे संपला आणि मनातला प्रश्न तोंडाने बाहेर पडला. मोठ्याने, डेस्कवर विचारावा तसा.

"नळाला की नदीला?"

गुरुजींनी पोथीत बघितलं. असं काही तिथे नव्हतं.

मुलीच्या खांद्यांना आधी कळलं. ते हलायला लागले. तिच्या ओंजळीतलं पाणी हललं, जावयाची ओंजळ हलली, आणि सुभेदार, ज्यांनी सीमेवर कडाक्याच्या थंडीत पापणी हलवली नसेल, ते ओंजळ धरून खालच्या आवाजात म्हणाले, "नळाला म्हन. नळालाच म्हन." मग तेही हसायला लागले. मला हसू दाबायचं होतं, घाई दाबायची होती आणि हात मात्र दाबायचा नव्हता. धार नागमोडी झाली. तिने सुभेदारांचं मनगट भिजवलं, बाही भिजवली, एकदा गुरुजींचं उपरणंही गाठलं. पण ती धारच होती. मी नजर तिच्यावर ठेवली आणि प्रश्न परत विचारला, या वेळी मनात आणि संथपणे. कुठे आलंय? किती? उत्तर यायला वेळ लागला. तोपर्यंत मी थांबले. लाट वर आली, वरच राहिली, आणि मग मला कळायच्या आत उतरली.

व्याही टॉवेलला हात पुसत परत आले, पाटावर बसले आणि चौकाकडे बघून म्हणाले, "हां, गुरुजी. होऊ द्या." त्यांच्या नावाचा उच्चार झाला. मंत्र संपला. गुरुजींनी हात वर केला. मी झारी सरळ केली.

"तुटली न्हाई," सुभेदार म्हणाले. "बारीक झाली, वाकडी झाली, तुटली न्हाई." आत्याने मान डोलवली. जाऊबाईंनी रिकामा तांब्या पदराने पुसला. मुलीने पाटावरून वर बघितलं, तिचे डोळे पाण्याने भरले होते. रडण्याने की हसण्याने, याची खात्री मी करून घेतली नाही.

मग मी निघाले. चालत. वाटेत चुलत नणंदेशी बोलले, कुणाच्या तरी बाळाचा गाल ओढला. स्वच्छतागृहाच्या दाराशी व्याही उभे होते.

"परत?" मी विचारलं.

"परत," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "विहीणबाई, त्या दिवशी लोणंदला... तुमाला बी त्येच व्हतं व्हय?"

"तेच."

"आन मला वाटलं, तुमी आमाला खेळवताय!" ते फेटा हलेपर्यंत हसले. "मी म्हनलं, काय बाई हाय, साड्या नगं म्हन्ती."

मी त्यांना डॉक्टरचं चित्र तोंडी काढून दाखवलं. पिशवी, तार, गजर, निर्णय. पुरुषांमध्ये कारण वेगळंही असू शकतं, आधी तपासून घ्या, हेही सांगितलं. त्यांनी हात पाठीमागे बांधून, मालाकडे बघावं तसं, ऐकलं.

"म्हंजे गाडी अजून फाट्यावर हाय," ते म्हणाले, "आन आत लिलाव पुकारला."

"अगदी तसंच."

"मग मापाड्यानं गाडी बगितल्याबिगर बोली धरायची न्हाई."

माझ्या वार्ताहर-उपसंपादकापेक्षा हे चित्र सुटसुटीत होतं, हे मी नोंदवते.

आम्ही असे भिंतीशी उभं राहून हलक्या आवाजात बोलत असताना मांडवाच्या टोकाला मामा दिसले. त्यांनी आम्हाला बघितलं. वधूची आई आणि वराचा बाप, बाजूला, दोघंच, गंभीर. मामांच्या हातातलं पान हातातच राहिलं असावं, कारण ते न खाता ते तसेच मागे पळाले. क्षणात सुभेदार ओल्या बाहीसकट कवायतीच्या चालीने आले. मागून मामा, धापा टाकत.

"काय असंल ते कबूल म्हना," मामा सुभेदारांना ढोसत होते. "कार्य झालंया, आता मोडायचं न्हाई. कबूल म्हना आदी!"

"काय मागनी हाय?" सुभेदारांनी विचारलं.

व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी लिलावाच्या आवाजात सांगितलं, "एकच हाय. बारशाला कार्यालय असं बगा, की ह्ये दार जवळ पडंल."

"कबूल!" मामा ओरडले. दार कोणतं, हे त्यांनी विचारलंही नाही.

बाहेर तिघंही हसत होते तेव्हा मी आत जाऊन कडी लावली आणि सवयीने शेवटचा प्रश्न विचारला. पाणी या वेळी नदीलाच आलं होतं.